पोटातले कावळे, पोटातली फुलपाखरं : इंग्रजी वाक्प्रचार वर्गात कसे शिकवावेत

सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर लिहिलं, ‘आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक’, आणि विचारलं, या पोरीला काय झालं असेल? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, “तिले भूक लागली मॅडम. आपल्या पोटात कावळे वरडतात, त्यायच्या पोटात फुलपाखरं.”

वर्ग हसला. उत्तर चुकलं होतं, पण चुकण्याची रीत अगदी बरोबर होती. पोटातला पक्षी खरा नसतो, तो कशाची तरी खूण असतो, एवढं त्या पोराला कोणी न शिकवता कळत होतं. सांगायचं उरलं होतं ते एवढंच की इंग्रजांच्या पोटातली फुलपाखरं भुकेची नसतात, धाकधुकीची असतात. पंधरा ऑगस्टला भाषणासाठी आपलं नाव पुकारलं की जे होतं, ते. आपल्याकडे तेव्हा पोटात गोळा येतो.

त्याआधी बरीच वर्षं मी वाक्प्रचार यादीने शिकवले. डावीकडे वाक्प्रचार, मधे अर्थ, उजवीकडे वाक्य, आणि खाली ‘वीस पाठ करून आणा’. पोरं पाठ करून आणायची आणि आठ दिवसांनी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या फुलपाखरांनंतर मात्र पद्धत बदलली. खेड्यातल्या पोराकडे वाक्प्रचारांचं भांडवल आधीच भरपूर असतं, शहरातल्या पोरापेक्षा बहुधा जास्तच. इंग्रजी चित्र त्याच्या ओळखीच्या चित्राशेजारी ठेवलं की दोन्हीतला फरक त्याला दिसतो, आणि त्या फरकासोबत नवे शब्द डोक्यात राहतात. पुढची पद्धत सहावी ते आठवीसाठी आहे. खडू, फळा आणि जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, एवढ्यावर भागतं.

आधी निवड करा, आणि तीन ढीग लावा

आठवड्याला तीनच वाक्प्रचार घ्या. सुट्ट्या, परीक्षा आणि उजळणी वगळून वर्षाचे सत्तर-ऐंशी होतात, ते पुष्कळ झाले. निवडताना म्हणी बाजूला ठेवा. म्हण हे स्वतःच पुरं वाक्य असतं, तर वाक्प्रचाराला कर्ता लागतो आणि त्याचं क्रियापद काळाप्रमाणे बदलतं. पोरांना बोलायला-लिहायला वाक्प्रचार जास्त कामी येतो.

पहिला ढीग : चित्रही तेच, अर्थही तोच. ‘किल टू बर्ड्ज विथ वन स्टोन’ म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ‘ॲड फ्यूएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणं. ‘रब सॉल्ट इन द वूंड’ म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. मगरीचे अश्रू, पांढरा हत्ती, पाठीत खंजीर खुपसणं, हिरवा कंदील दाखवणं, हे सगळे यातलेच. इथे अर्थ समजावण्यात वेळ घालवू नका, अर्थ पोरांना माहीतच आहे. इथे फक्त शब्द वेचायचे : फ्यूएल, वूंड, स्टॅब, टिअर्स. इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांना सुरुवात याच ढिगातून करून द्यावी. “अरे, हे तं आपलंच हाय” असं एकदा वाटलं की निम्मी भीती जाते.

दुसरा ढीग : अर्थ तोच, चित्र वेगळं. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, ते तव्यातून विस्तवात पडतात, ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर’. आपण राईचा पर्वत करतो, ते ‘मोलहिल’चा. मोल हा जमिनीखाली राहून माती वर ढकलणारा छोटा प्राणी. तो आपल्या शिवारात नाही, पण घुशीने धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उकरलेला मातीचा ढीग प्रत्येकाने पाहिलेला असतो. तो दाखवला की मोलहिल कळलं. गवताच्या गंजीतली सुई, ‘अ नीडल इन अ हेस्टॅक’, आमच्या वर्गात कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात हरवली आणि लगेच सगळ्यांना समजली. ‘कानाडोळा’ म्हणताना पोरांना कान आणि डोळा दोन्ही ऐकू येतात, इंग्रजांचं ‘टर्न अ ब्लाइंड आय’मध्ये एका डोळ्यावर भागतं. यावर पोरं खूप वेळ बोलतात, बोलू द्या.

तिसरा ढीग फसवा आहे आणि शिकवायला सगळ्यात मोलाचा. चित्र सारखं दिसतं, अर्थ निराळा निघतो. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे कोणाची गंमत करणं, थट्टेत बनवणं. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. ‘शो युवर हँड’ म्हणजे पत्ते उघडे करणं, मनातला बेत सांगून टाकणं. आपल्याकडे ‘थांब, तुला हात दाखवतो’ म्हटलं तर समोरचा पळून जाईल. फुलपाखरं आणि कावळे याच ढिगातले. या ढिगातला एकही वाक्प्रचार ‘पाठ करून आणा’ म्हणून सोडू नका, प्रत्येकाला वेगळा तास द्या.

आणि एक वाक्प्रचार मी मुद्दाम मागे ठेवते : ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. आपल्याकडे इंग्रजी वाक्प्रचार म्हटलं की पहिला हाच आठवतो, पण रोजच्या बोलण्यात इंग्रज तो आता क्वचितच वापरतात. गवती छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची म्हणून हा शब्दप्रयोग आला, ही गोष्टही खरी नाही, ती वर्गात सांगू नका. वाचताना आला तर ओळखता यावा, एवढंच. झड लागलेली असताना पोरांनी ‘इट्स पोअरिंग’ म्हटलं तरी पुष्कळ आहे.

गुच्छ करा : कापसापासून सुरुवात

पुस्तकांतल्या याद्या बहुतेक अक्षरांच्या क्रमाने असतात. त्या क्रमाने काहीच लक्षात राहत नाही. एकाच वस्तूभोवतीचे चार-पाच वाक्प्रचार एकत्र घेतले की एक दुसऱ्याला धरून राहतो. आपल्या विदर्भात पहिला गुच्छ कापसाचाच हवा.

‘रॅप समवन इन कॉटन वूल’ : कोणाला कापसात गुंडाळून ठेवणं. पोरं लगेच म्हणतात, तळहाताच्या फोडासारखं जपणं. इथे थांबा, कारण इथे बारीक फरक आहे. तळहाताचा फोड हे मायेचं कौतुक आहे. इंग्रजीत कापसात गुंडाळण्यात थोडी टीका असते : इतकं जपताय की पोर बाहेरच्या जगाला तोंड देणार कसं? कौतुकाच्या अर्थाने इंग्रजीत ‘द ॲपल ऑफ माय आय’ आहे. म्हणजे मराठीतल्या एका वाक्प्रचाराच्या वाटेवर इंग्रजीत दोन भेटतात. शिवाय ‘कॉटन वूल’मध्ये वूल असलं तरी लोकर नाही. तो दवाखान्यात जखमेला लावतात तो कापूस. एका वाक्प्रचारातून रॅप, अनरॅप, रॅपर, कॉटन, वूल, वूलन असे सहा शब्द निघतात. बिस्किटाच्या पुड्याचं रॅपर वर्गात सापडतंच, ते उचलून दाखवा.

‘स्पिन अ यार्न’ : यार्न म्हणजे सूत. सूत काततो तशी लांबलचक, अर्धी खरी अर्धी रचलेली गोष्ट सांगणं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, तिच्यात टकळी आणि चरखा ही शिकण्याची साधनंच होती. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांना सेवाग्राम जवळ आहे. सहल गेली की सूत काततानाच हा वाक्प्रचार शिकवा. स्पिन, स्पन, स्पिनिंग, थ्रेड, यार्न हे शब्द हातात सूत असताना शिकवले तर पुन्हा सांगावे लागत नाहीत. मग त्याच धाग्यावर ‘हँग बाय अ थ्रेड’ (जेमतेम तग धरून असणं) आणि ‘लूज द थ्रेड’ येतात. दुसरा तर बोलण्याचा धागा सुटणं, जसाच्या तसा आपला. ‘कट फ्रॉम द सेम क्लॉथ’ला पोरं एकाच माळेचे मणी म्हणतील. बरोबर आहे, पण आपल्या मण्यांमध्ये टोमणा असतो, त्यांचं कापड चांगल्या माणसांनाही चालतं.

या गुच्छातला माझा आवडता ‘निप इट इन द बड’. बड म्हणजे कळी, निप म्हणजे खुडणं. वाढण्याआधीच थांबवणं, एवढा अर्थ सगळे सांगतात. मी विचारते, गुलाबी बोंडअळी आली की घरी काय करतात? हात वर होतात. डोमकळ्या (न उमलता मिटून राहिलेली कापसाची फुलं) तोडून नष्ट करतात, कारण आत अळी असते, आणि ती आत्ताच खुडली नाही तर पुढे बोंडं खाते. हेच ते. वर्गातल्या एका पोरीने वाक्य केलं : ‘माय ब्रदर स्टार्टेड ईटिंग खर्रा. माय फादर निप्ड इट इन द बड.’ खर्रा म्हणजे आपल्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण. या वाक्यावर मी काय बोलणार?

दुसरा गुच्छ आगगाडीचा. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज, आपली शकुंतला, १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. ‘रन आउट ऑफ स्टीम’ (वाफ संपणं, उत्साह ओसरणं) आणि ‘लेट ऑफ स्टीम’ (साठलेली वाफ सोडणं, मन मोकळं करणं किंवा राग काढणं) हे दोन समजायला वाफेचं इंजिन पाहिलेलं माणूस लागतं. म्हणून गृहपाठ असा द्या : घरी किंवा शेजारी ज्यांनी वाफेच्या शकुंतलेत प्रवास केला त्या आजी-आजोबांना विचारा, वाफ कमी पडली की गाडीचं काय व्हायचं? पोरं जे ऐकून येतात ते अर्थापेक्षा सरस असतं. पुढे ‘ऑन द राइट ट्रॅक’ (योग्य मार्गावर असणं), ‘गो ऑफ द रेल्स’ (वाट चुकून बिघडणं), ‘ट्रेन ऑफ थॉट’ (विचारांची साखळी) रांगेने जोडा.

पोळ्याच्या आठवड्यात ‘टेक द बुल बाय द हॉर्न्स’ घ्या : संकटाला थेट भिडणं. पण बुल म्हणजे आपला पोळ्यात सजवलेला बैल नव्हे, तो सांड. नांगराचा बैल म्हणजे बुलक किंवा ऑक्स. हे सांगितलं की पोरांना वाक्प्रचारातली हिंमतही कळते, कारण बैलाची शिंगं धरून रंगवणारे ते सगळेच असतात, सांडाची शिंगं धरणारा कोणी नसतो. ‘पुट द कार्ट बिफोर द हॉर्स’ला (आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करणं) घोड्याऐवजी बैलजोडी काढून दाखवा, पण वाक्यात ‘हॉर्स’च ठेवा. का, ते पुढे येतं.

एक तास कसा चालवायचा

पस्तीस मिनिटांच्या तासात एकच फसवा वाक्प्रचार धरा. उदाहरण ‘पुल समवन्स लेग’चं घेऊ.

आधी अर्थ सांगू नका. चार सोप्या वाक्यांची गोष्ट इंग्रजीत सांगा आणि फळ्यावर लिहा. मी पहिल्यांदा लिहिली ती अशी : ‘माय अंकल सेड, देअर इज अ टायगर इन अवर फील्ड. आय रॅन होम. ही लाफ्ड. ही वॉज पुलिंग माय लेग.’ गोष्ट साफ फसली. “वाघ खरंच आला असंन मॅडम, मामा कायले खोटं बोलीन?” आपल्याकडे शेतात वाघ येणं ही थापच असते असं नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मामाने सांगितलं की शाळेत आता रविवारीही हजेरी आहे. ते लगेच पटलं, म्हणजे थट्टा म्हणून पटलं. धडा असा की गोष्टीत जे खोटं आहे ते पोरांच्या जगातही खोटंच वाटायला हवं.

मग अंदाज मागा. सगळे अंदाज फळ्याच्या एका कोपऱ्यात मराठीत लिहा, चुकीचेही. त्यानंतर वहीचं पान मधोमध दुमडून दोन चित्रं काढायला सांगा : डावीकडे शब्दशः (मामा भाच्याचा पाय धरून ओढतोय), उजवीकडे खरं (मामा हसतोय, भाचा चिडलाय). डावं चित्र जितकं वेडगळ तितकं चांगलं. चित्र न येणाऱ्यांनी काड्यांची माणसं काढावी. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि इथे घाई करू नये. महिन्याने पोरांना अर्थ आठवतो तो या चित्रावरूनच.

आता घरच्या भाषेतला जोड विचारा. मी ‘मराठीत काय म्हणतात’ असं विचारत नाही, ‘तुमच्या घरी काय म्हणतात’ असं विचारते. यवतमाळकडे वर्गात बंजारा आणि कोलाम पोरं असतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी. त्यांच्या भाषेतला वाक्प्रचार बहुधा मास्तरांनाही नवा असतो. तोही फळ्यावर इंग्रजी आणि मराठीच्या ओळीत लिहा. एरवी गप्प बसणारी पोरं याच वेळी उभी राहतात.

गोठलेलं काय, हलतं काय

शिकवताना बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग पोरं ‘ही स्पिल्ड अ बीन’ लिहितात. वाक्प्रचाराचा काही भाग दगडासारखा घट्ट असतो, काही भाग हलतो. घट्ट भाग पांढऱ्या खडूने लिहा, हलणारा पिवळ्याने. ‘स्पिल द बीन्स’मध्ये (गुपित फोडणं) क्रियापद पिवळं : स्पिल, स्पिल्ड, स्पिलिंग. ‘द बीन्स’ पांढरं, त्याला हात लावायचा नाही, एक शेंगही कमी करायची नाही. ‘पुलिंग माय लेग’मध्ये पुलिंग आणि माय पिवळे, लेग पांढरा. त्याचे ‘लेग्ज’ झाले की मामा खरंच दोन्ही पाय धरून ओढतोय असं होतं.

‘असं का?’ हा प्रश्न येतोच. उत्तर मराठीतून द्या. डोळ्यात अंजन घालणं याऐवजी कोणी डोळ्यात काजळ घातलं म्हणालं तर? दोन्ही डोळ्यालाच लावायचं, पण अर्थ गेला, उरली नुसती तीट-पावडर. हातावर तुरी देऊन पळालेल्याने हातावर हरभरे दिले म्हटलं तर पोरं खो खो हसतात. घोड्याच्या गाडीत बैल का चालत नाहीत, ते तेव्हा समजतं.

चप्पल की बूट

एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट’. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, आणि अर्ज वाचून मला काय करावं सुचेना. चूक माझी होती. मी ‘किक द बकेट म्हणजे मरणं’ एवढंच सांगितलं होतं. तो उडाणटप्पू बोलण्यातला शब्द आहे, कोणाच्या दुःखाशेजारी ठेवायचा नाही, हे सांगितलं नव्हतं. मराठीत मी कोणाच्या आजोबांबद्दल ‘खपले’ म्हणेन का?

तेव्हापासून वहीत प्रत्येक वाक्प्रचारासमोर एक खूण असते. चप्पल काढली की घरात, मित्रांत चालेल. बूट काढला की अर्जात, भाषणात, मोठ्यांसमोरही चालेल. ‘किक द बकेट’ला चप्पलच. ‘स्पिल द बीन्स’, ‘पुल माय लेग’ यांनाही चप्पल. ‘निप इन द बड’, ‘ऑन द राइट ट्रॅक’, ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ (सुधारून नव्याने सुरुवात करणं) यांना बूट. शेवटच्यावर जाता जाता : लीफ म्हणजे इथे झाडाचं पान नव्हे, पुस्तकाचं. मराठीत ‘पान’ दोन्हीला चालतं, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्या पोरांना बाकीच्यांपेक्षा लवकर कळतो.

उजळणी आणि वेचणी

शिकवलेलं दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा विचारा, प्रत्येक वेळी दोनच मिनिटं. हजेरी घेताना ‘यस मॅडम’ऐवजी कालचा वाक्प्रचार म्हणायला लावला की वेगळा वेळही लागत नाही.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा होतो. तेव्हा नवीन काही घेऊ नका, तो महिना उजळणीचा ठेवा. जुन्या लग्नपत्रिकांचे कापून केलेले पत्ते पोरांच्या खिशात द्या : एका बाजूला दोन चित्रं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार रोमन लिपीत. ओळीत बहीण-भाऊ सोबत असतात, एक विचारतो, दुसरा सांगतो. मोठ्या वर्गातली भावंडं चुका काढतात, त्यात त्यांचीही उजळणी होते.

तपासायचं कसं

‘अर्थ लिहा’ हा प्रश्न विचारू नका, त्यातून पाठांतर तेवढं कळतं. मी तीन तऱ्हांनी विचारते. एक, प्रसंग देऊन : रमाने आईचं गुपित शेजारणीला सांगितलं, कोणता वाक्प्रचार? दोन, चुकीचा वापर देऊन : ‘आय वॉज व्हेरी हंग्री, आय हॅड बटरफ्लाइज इन माय स्टमक’, यात काय बिघडलं, मराठीत सांगितलं तरी चालेल. तीन, स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य. पुस्तकातलं वाक्य उतरवलं तर शून्य, घरातलं मोडकंतोडकं लिहिलं तरी गुण. वाक्य घरातलं असलं पाहिजे यावर मी अडून बसते, कारण ते नक्कल करून आणता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात आठवडाभर गैरहजर राहून आलेल्या एका सहावीच्या पोराने, बोटांवर बोंडांचे ओरखडे असताना, तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं : ‘माय मदर रॅप्स मी इन कॉटन वूल, पण कापूस वेचाले मलेच पाठवते.’ अर्धं वाक्य मराठीत होतं. मी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि ‘पण’च्या वर लाल शाईने ‘बट’ लिहून पुढचं अर्धं त्यालाच इंग्रजीत करायला लावलं.